ठोकळा

मांजरसुंब्याचा घाट तेव्हा अरुंद होता.
सरकी भरलेली गाडी पहिल्या गिअरात कण्हायची
आणि मी, बारा-तेरा वर्षांचा क्लीनर,
मागच्या चाकाशी चालायचो
बाभळीचा ठोकळा दोन्ही हातांत धरून.
गाडी हातभर चढली की ठोकळा हातभर पुढं.
गाडी अडली की ठोकळा तिथंच.
"पीछे कबी नै लेना, बंकट,"
नसीर उस्ताद खिडकीतून ओरडायचे,
"मैं बोल्या तो बी नै."

आता बीडच्या बायपासला माझं टायरचं दुकान आहे.
सव्वानऊला कॉम्प्रेसर चालू होतो, तेव्हाच बाजारही.

पंपाच्या कंपनीचा शेअर चारशे बाराला घेतला.
त्याआधी चौदा दिवस त्याचा श्वास मोजला:
दिवसाकाठी साडेदहा रुपये वरखाली.
एवढं तर हलणारच, जिवंत आहे म्हटल्यावर.
त्याच्या दुप्पट ढील दिली
आणि तीनशे एक्क्याण्णवला ठोकळा लावला.
चारशेला नाही. चारशेला सगळ्यांचेच असतात.
कंकालेश्वराच्या दारात जिथं चपलांचा ढीग
तिथंच चोराचा डोळा.

मग उलटा हिशेब.
चुकलो तर दोन हजार जातील, वर दमडी नाही.
दोन हजार भागिले एकवीस, पंच्याण्णव शेअर.
शेजारचा रसवंतीवाला हसतो,
"घ्यायच्या आधीच तोटा कामून मोजायलास?"
मी त्याला घाट सांगत नाही.
त्याचा रस प्यायचा असतो.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही.
दोन वर्षांमागं एक शेअर होता, एकशे ऐंशीचा.
एकशे अडुसष्टला ठोकळा होता.
भाव जवळ आला, मी तो एकशे साठला सरकवला.
पुन्हा आला, एकशे बावन्नला.
मग म्हणालो, फक्त आजच्या दिवस,
आणि काढूनच टाकला.
त्या रात्री कंपनीचा निकाल लागला.
सकाळी भाव उघडला एकशे सतराला,
मधल्या पायऱ्या कुणीतरी रात्रीतून उचलून नेल्यासारखा.
कुशावर्ताच्या पिठाच्या गिरणीचे पैसे होते.
ती काही बोलली नाही.
दळण डोक्यावर घेऊन गेली, तिसऱ्या गल्लीत.

(खरं सांगायचं तर त्या सकाळी
ठोकळा असता तरी उपयोग नव्हता.
रस्ताच तुटला तर ठोकळा कशाला टेकणार?
हे मी उस्तादांना एकदा विचारलं होतं.
ते म्हणाले, "तो फिर माल कम भरना था."
एवढंच म्हणाले, आणि बिडी पेटवली.)

पंपाचा शेअर चढला. चारशे चाळीस.
ठोकळा चारशे एकोणीसला.
आता पडला तरी पदरचं काही जात नाही,
त्या रात्री मी कूस न बदलता झोपलो.
चारशे त्रेसष्ट. ठोकळा चारशे बेचाळीसला.
मग एका बुधवारी, मी ट्रॅक्टरच्या टायरखाली असताना,
खिशात मोबाइल थरथरला.
बेचाळीसला विकला गेला होता.
शुक्रवारी तोच शेअर चारशे नव्वदला गेला.
रसवंतीवाल्याला कसं कळलं कोण जाणे,
रसात त्या दिवशी आलं जरा जास्तच होतं.

अठ्ठावीसशे पन्नास मिळाले, दलाली सोडून.
कुशावर्ताला दिले. तिनं मोजून डब्यात ठेवले,
आणि डब्याला कुलूप लावलं.
किल्ली कुठं ठेवली, ते मला सांगितलं नाही.
तिचाही ठोकळा असेल तो.

परवा दुपारी एक सोलापूरची गाडी थांबली,
मागचं चाक पंक्चर, रस्त्याला उतार.
क्लीनर पोरगं, ओठावर नुकती लव,
म्हणालं, "काका, चाकाला लावायला काय आहे का?"
दुकानाच्या दाराला अडकवलेला तो बाभळीचा काळा ठोकळा,
उस्तादांच्या गाडीतला,
मी त्याच्या हातात दिला. वापस दे म्हणालो.

पंक्चर निघालं. पैसे मिळाले. गाडी गेली.
ठोकळाही गेला.

आता दार वाऱ्यानं सारखं आपटतंय.
उठावं, वीट लावावी म्हणतो,
पण सव्वातीन वाजलेत,
आणि एक भाव ठोकळ्यापासून रुपयावर आलाय.
दोन्ही हात मी मांडीखाली दाबून बसलोय.